ताटाला मार्क देणाऱ्या टीचर

टीचर ताटाला मार्क द्यायच्या. दहापैकी, लाल शाईने, रेघांच्या वहीत. परतलेली तोंडली, पनीर, वाटीभर ताक आणि शेंगदाण्याची चटणी असं निर्दोष ताट मी एकदा माडीवरून खाली नेऊन त्यांच्यापुढे धरलं. नऊ मिळाले. एक कुठे गेला म्हणून मी भांडायला लागले, तर म्हणाल्या, "पैकीच्या पैकी दिले कीं पोरी पुस्तक मिटवितात."

चेन्नईत, मैलापुरात तलावामागच्या गल्लीत त्यांचं घर. खाली त्या, माडीवर मी भाडेकरू, माझ्या डोक्यावर गच्ची. मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा शहराच्या टोकाला, तांबरमला. घराणं तंजावरकडचं. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, कुणीतरी जुनी पोथी वाचतंय आणि मधूनमधून बसचा कंडक्टर तमिळमध्ये ओरडतोय. माझ्या मराठीला त्या 'पेपर' म्हणायच्या, वर्तमानपत्रातल्यासारखी म्हणून. मी कामावरून आले की ओट्यावरून विचारायच्या, "काय गे, आज पेपरांत काय आलें?" म्हणजे, बस आणि बोल.

मी साताऱ्याची. शाळांच्या दाराशी गोड पेयांच्या जाहिराती नकोत म्हणून भांडणाऱ्या एका छोट्या संस्थेसाठी चेन्नईत आलेली. सह्या गोळा करायच्या, अधिकाऱ्यांच्या दारात बसायचं आणि मुख्य म्हणजे पत्रकं लिहायची. पत्रक लिहिणाऱ्याला पहिल्याच महिन्यात शिकवतात की 'जर' आणि 'पण' काढून टाका. लोक रस्त्यात उभे राहून वाचतात, त्यांना वाक्याच्या शेवटापर्यंत थांबायला वेळ नसतो. मी ते इतकं मन लावून शिकले की बोलण्यातूनही माझे 'जर' आणि 'पण' गेले. त्याचा मला अभिमानही होता, हे आज लिहायला बरं वाटत नाही.

टीचरांचं भाताशी वैर नव्हतं. त्यांना साखरेची भीती होती, आणि भीतीला कारण होतं. त्यांच्या अक्काचा आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा सगळा पाय. टीचर हे वजाबाकी सांगावी तसं सांगायच्या, आवाज न बदलता. सांगून झालं की एकच वाक्य जोडायच्या, "मज दोन पायांवर जायचें आहे. बाकी कांहीं मागत नाहीं." त्यासाठी भात सोडला, इडली सोडली, बटाटा सोडला. सकाळच्या कॉफीतली साखर तर अशी सोडली की कॉफीवाल्याला वाटलं बाई त्याच्यावर रागावल्या आहेत; त्याने आठवडाभर दूध घट्ट करून पाहिलं.

लग्नाला गेल्या की गंमत असायची. केळीच्या पानावर वाढपी भाताचं भांडं घेऊन आला की त्या पानाच्या मधोमध पंजा पालथा ठेवायच्या. त्याला वाटायचं, म्हातारीला आधी तूप हवं असेल. मग त्या तमिळमध्ये समजावायच्या की ही जागा रिकामी राहणार आहे, तू तिच्याभोवती वाढ. पानाच्या कडेकडेने भाज्या, कोशिंबिरी, पापड असा गोल तयार व्हायचा आणि मध्ये हिरवंगार पान तसंच. मी विचारलं, सरळ भाजी मध्ये घेतली तर काय बिघडेल? तर म्हणाल्या, "शून्यासही जागा लागते." शेजारच्या बायका आधी हसायच्या, मग हळूच वाकून विचारायच्या, तुमची साखर किती असते हो?

आणि आपल्या लोकांची रीत पाहा. भात नको म्हटलं की विचारतात, आजारी आहात का? हो म्हटलं की म्हणतात, मग थोडासा घ्या. आजारी माणसाला त्याच्याच आजाराचा आग्रह करणारा समाज मी दुसरा पाहिला नाही. हे मी तेव्हाही मोठ्याने म्हणायचे. टीचर ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आग्रह करिती तें प्रेमानें. त्यांस शिव्या देऊं नको, जागा दाखव."

एकटीने नेम टिकत नाही हे त्यांना लवकर कळलं. म्हणून गच्चीवर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता क्लास सुरू झाला. 'गट' हा माझा शब्द, 'क्लास' त्यांचा. टिकला तो त्यांचाच. दहा-बारा मराठी माणसं यायची. बँकेतले देशपांडे यायचे, त्यांना जांगिरी, म्हणजे इकडची जाडजूड जिलबी, दिसली की पाय पुढे पडायचा नाही. ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यातला सचिन यायचा, त्याच्या कँटीनमध्ये माणशी भाताचा डोंगर आणि भाजी चमचाभर. आठवडाभर सगळ्यांनी जेवणाआधी ताटाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, शनिवारी टीचर वही उघडून हिशेब चुकता करायच्या. देशपांडे त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, म्हणून त्यांनाही 'तू'. एकदा त्यांनी कबूल केलं की अर्धीच जांगिरी खाल्ली. टीचर चष्म्यावरून बघत राहिल्या. म्हणाल्या, "उरलेली अर्धी कोठें आहे? आण, मग अर्धे मार्क देतें." बँकेचा अधिकारी शाळकरी पोरासारखा लाल झाला.

सचिनच्या कँटीनला त्यांनी थेट फोन लावला. तिथला मुकादम त्यांच्या एका विद्यार्थिनीचा नवरा निघाला. दुसऱ्या दिवसापासून सचिनच्या ताटात भाताच्या जागी कोबी आणि घेवडा यायला लागले, वर मुकादम स्वतः येऊन विचारायचा, टीचरांना फोटो पाठवला का? अंडी मात्र टीचरांच्या घरात चालत नव्हती. सचिन गच्चीच्या कोपऱ्यात पाठ करून खायचा. फोटोत अंडं दिसलं की टीचर वहीत लिहायच्या, 'ती गोल वस्तू, दोन नग', आणि मार्क कापायच्या नाहीत.

क्लासची खरी ताकद जोड्यांत होती. प्रत्येकाला एक तपासनीस. त्याने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात न विचारता यायचं, डबे उघडायचे, चूक दिसली तर सांगायची. टीचरांची तपासनीस मी होते. बाईला मीच का हवी होते, हे तेव्हा विचारलं नाही. पुढे देशपांडेवहिनींनी सांगितलं की टीचरांनी मला मागून घेतलं होतं. ही पोर भीड धरत नाही, म्हणाल्या होत्या.

क्लासचं पत्रक अर्थातच मी लिहिलं. 'भात ही सवय आहे, गरज नाही. एक अपवाद केला की दुसरा दारात उभा असतो. साथीदाराची चूक दिसली तर सर्वांसमोर सांगा. झाकणं म्हणजे साथ देणं नव्हे.' कच्चा कागद टीचरांना दाखवला. त्यांनी तो उत्तरपत्रिकेसारखा दोनदा वाचला आणि खाली पेन्सिलीने एक ओळ घातली: 'गोळ्या घेणाऱ्यांनीं आधीं आपल्या डॉक्टरांस विचारावें.' मी ती काढली. म्हटलं, टीचर, पत्रकाच्या शेवटी डॉक्टर आला की माणूस कागदाची घडी घालून खिशात टाकतो. डॉक्टरकडे जात नाही आणि ताटाकडेही बघत नाही. छापून आल्यावर त्यांनी ते हातात घेतलं, ती जागा पाहिली आणि म्हणाल्या, "सरी." सरी म्हणजे तमिळमध्ये ठीक. त्यांच्या 'सरी'चे बरेच प्रकार होते. हा कुठला, ते मला ओळखता आलं नाही. खरं तर मी ओळखायला थांबलेच नाही.

दोन-तीन महिन्यांत त्यांचं वजन उतरलं, आकडे सुधारले. त्याच सुमाराला वहीतलं अक्षर बिघडायला लागलं. लाल आकडे रेघ सोडून वाकडे जायचे. एका शनिवारी त्यांनी सात आणि दीड मिळवून साडेनऊ लिहिले. देशपांडे हसले, तर त्या एकदम खेकसल्या, आणि कपाळावरचा घाम पदराने टिपत राहिल्या. मी मनात म्हटलं, वय झालं. चेन्नईत घामाचं कारण कोण शोधतं?

त्या गुरुवारी मी सुट्टी घेतली होती. अकराच्या सुमाराला तपासनिसाच्या हक्काने न विचारता त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. टीचर जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीत पातेलं, पातेल्यात दहीभात, शेजारी साखरेचा उघडा डबा. भातावर साखर पसरलेली. त्या हाताने खात होत्या, भराभर, मान खाली घालून. हात थरथरत होता. मला वाटलं, पकडल्या गेल्या म्हणून.

मी फक्त म्हणाले, "टीचर, भात?"

त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा घास घेतला. मला चीड आली ती त्या घासाची. मी समोर उभी असताना खाणं थांबवायची लाजसुद्धा नाही? मग तुटक तुटक म्हणाल्या, "जा. मागाहून ये." मी गेले. मागाहून आले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी टीचरच जिना चढून माझ्या दाराशी आल्या. धाप लागली होती. शनिवारच्या आधी दोन शब्द बोलायचे होते, म्हणाल्या. मी लॅपटॉपवरून मान न उचलता सांगितलं, "क्लाससमोर बोला, टीचर. नियम आहे." त्या उतरून गेल्या. त्यांची पावलं एकेका पायरीवर थांबत होती, ते मला ऐकू येत होतं.

शनिवारी मी उभी राहून बोलले. मला चांगलं बोलता येतं. देशपांडे दिवाळीत लाडवाकडे पाठ करून बसतात, सचिन रात्रपाळीला उपाशी राहतो, आणि मार्क देणारी स्वतः काय करते, असं सगळं मांडत नेलं. शेवटी म्हणाले, "जी बाई आपल्याला शून्य देते, ती दारं लावून भात खाते."

दार उघडं होतं. पण 'दारं लावून' वाक्यात बसत होतं.

सचिन पुटपुटला, असेल काही कारण. देशपांडे गच्चीच्या कठड्याकडे बघत राहिले. टीचरांनी वही उघडली, स्वतःच्या नावापुढे लाल शाईने शून्य काढलं, वही फिरवून सगळ्यांना दाखवली. "झालें," म्हणाल्या. "पुढचें ताट कोणाचें?" आणि पुढचा तासभर एकेकाचं ताट तपासून मार्क दिले. मला त्या दिवशी आठ मिळाले. रात्रीचं पोटभर जेवून मी झोपले.

पुढचे पंधरा दिवस त्यांच्या घरात भात शिजला नाही. मी रोज डबे उघडून बघत होते. तांदळाचा डबा घासूनपुसून पालथा घातलेला, साखरेचा तर दिसेचना. शेजारणीला देऊन टाकला, म्हणाल्या. मी वहीत त्यांच्या वतीने शेरा लिहिला, 'सुधारणा आहे'. हे शब्द माझ्या अक्षरात त्या वहीत अजून असतील.

तिसऱ्या शनिवारी चार वाजता त्या क्लासची चटई घेऊन गच्चीकडे निघाल्या. मी वर खुर्च्या लावत होते. आधी चटई गडगडत गेल्याचा आवाज आला, मग माणूस पडल्याचा. जिन्याच्या वळणावर त्या आडव्या पडल्या होत्या, अंगावरची साडी घामाने भिजून चिकटलेली, एक पाय विचित्र वळलेला. डोळे उघडे होते, पण मी कोण ते कळत नव्हतं. मला 'अक्का' म्हणत होत्या. रिक्षावाला आणि मी मिळून त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीने बोटाला सुई टोचली, आकडा बघितला आणि धावत जाऊन सलाईन लावलं. साखर भलतीच खाली गेली होती. वाढली नव्हती, खाली गेली होती. मी आयुष्यभर वर जाणाऱ्या साखरेविरुद्ध पत्रकं लिहीत आले. ती दुसऱ्या बाजूनेही माणसाला पाडते, हे मला ऐकून माहीत होतं, बघून नव्हतं.

डॉक्टरणीने विचारलं, गोळ्या चालू असताना यांनी खाणं कमी केलंय का, आधी असं झालं होतं का, थरथर, घाम? मी सांगत गेले आणि सांगता सांगता मलाच ऐकू येत गेलं. वाकडे आकडे. साडेनऊ. थरथरणारा हात. तिने तमिळमध्ये विचारलं, चिडून नाही, नुसतं विचारलं, "घरात भात नव्हता का?"

दवाखान्यासाठी त्यांची पिशवी भरायला घरी आले तेव्हा वहीच्या पुठ्ठ्याच्या खिशात त्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. टीचरांनी डॉक्टरांना सगळं सांगितलेलं होतं. डॉक्टरांनी एक गोळी कमीही केली होती, आणि खाली मोठ्या अक्षरात बजावलं होतं की हात थरथरले, घाम आला तर लगेच गोड किंवा भात खायचा, क्षणभर थांबायचं नाही. म्हणजे त्या गुरुवारी त्या औषध घेत होत्या. मी औषध पकडलं होतं.

देशपांडेवहिनींकडून बाकीचं कळलं. पत्रक छापून आलं त्याच आठवड्यात टीचरांनी क्लासमधल्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एकेक फोन केला होता, डॉक्टरांना भेटून या म्हणून. देशपांड्यांची गोळी त्यामुळेच वेळीच कमी झाली. हे क्लासमध्ये का सांगितलं नाही, असं वहिनींनी विचारलं तर म्हणाल्या होत्या की पोरीनें मन लावून लिहिलें आहे, तिचें चार लोकांत खोटें कशास पाडावें. आणि स्वतःचा भात त्यांनी लपवला तो का, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, एका अपवादाने वर्ग सुटतो, हे त्या खरंच मानत होत्या. माझं पत्रक मानणारी क्लासमध्ये एकच व्यक्ती होती, आणि ती त्या होत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, मुलगा त्यांना तांबरमला घेऊन गेला. त्याने मला दोष दिला नाही. एवढंच विचारलं, आईची साखर खाली जाते हे तुम्हाला माहीत होतं का? मी नाही म्हणाले. ते खरं होतं. फक्त तेवढंच खरं होतं.

क्लास तीन आठवड्यांत मोडला. सचिन काही दिवस ताटाचे फोटो टाकत राहिला. कुणी मार्क देईना, मग त्यानेही बंद केलं. मोठी भांडणं होऊन संपलं असतं तर मला झेपलं असतं. भांडण मला कळतं.

दोन महिन्यांनी मी तांबरमला गेले. खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, बाजूला वॉकर. बारीक झाल्या होत्या. आकडे बरे आहेत म्हणाल्या, दोन्ही वेळा मोजून थोडा भात खाते, नव्या डॉक्टरने गोळ्या बदलल्या आहेत. माझ्या कामाचं विचारलं. शाळेच्या दारातली जाहिरात हटली का विचारलं. हटली होती. बरें झालें, म्हणाल्या. मी रेल्वेत बसून माफीची चार वाक्यं तयार केली होती, त्यातली तीन विसरले.

"टीचर, माझं चुकलं."

"होय," म्हणाल्या. वॉकर थोडा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "चूक दिसली तर सांगावी, गे. पण पोरीचें उत्तर चुकलें कीं मी आधीं तिच्या जवळ बसें. कोठून काढलें, तें विचारें. कधीं कधीं गणितच चुकीचें घातलेलें असें."

मी रडले नाही. रडून त्यांच्याकडून समजूत काढून घ्यायची, हे मला बरोबर वाटलं नाही.

सून ताट घेऊन आली. वाटीभर भात, घेवड्याची भाजी, ताक. तिने ते त्यांच्या पुढच्या स्टुलावर ठेवलं. टीचरांनी हात लावला नाही. ताट किंचित भिंतीकडे सरकवलं आणि सुनेला हळू आवाजात तमिळमध्ये म्हणाल्या, "झाकून ठेव. ही गेल्यावर."

मला तमिळ कळतं, हे त्या विसरल्या असतील. किंवा नसतीलही. साडेबारा वाजून गेले होते, जेवणाआधीची गोळी माझ्यासमोरच घेऊन झाली होती, आता उशीर चालणार नव्हता. त्यांनी वेळेवर जेवावं म्हणून मला करता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. मी उठले.